क्लिपबोर्डवरच्या फाईल एजंटला देणारं टूल: डॉक्युमेंटेशन लिहिताना आलेला अनुभव

फाईल मॅनेजरमध्ये फाईल कॉपी केली की क्लिपबोर्डवर फाईल जात नाही, तिचा पाथ, म्हणजे ती कुठे ठेवली आहे तो पत्ता, जातो. क्लिपबोर्डवरचा हा पाथ एआय एजंटला (स्वतः टूल वापरून कामं करणाऱ्या मॉडेलला) देणाऱ्या टूलचं डॉक्युमेंटेशन लिहायला घेतलं तेव्हा हेच वाक्य मी सगळ्यात वर ठेवलं. कॉपी केल्यानंतर फाईल हलवली किंवा पुसली तरी पाथ तसाच राहतो आणि उघडायला गेलं की हाती काही लागत नाही. माणूस फोल्डर उघडून खात्री करतो. एजंटला मात्र लिहून दिलंय तेवढंच ठाऊक.

इथे वाचक दोन आहेत. टूल बसवणारा माणूस रीडमी, म्हणजे टूलसोबतची माहितीची फाईल, वाचतो. मॉडेलला सहसा रीडमी दिसतही नाही. मॉडेल आणि टूल जोडणाऱ्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमधून त्याच्यापर्यंत पोचतं ते टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची तो आराखडा), तेही दर संभाषणात टोकन (मॉडेल मजकूर मोजतं ते तुकडे) खर्चून. म्हणून इन्स्टॉलेशनचा सगळा भाग रीडमीत हलवला आणि वर्णन चार वाक्यांवर आणलं: काय परत मिळतं, कधी वापरायचं, कधी वापरायचं नाही, क्लिपबोर्ड रिकामा असेल तर काय होतं. यातलं तिसरं वाक्य गाळू नका. ते नसेल तर वापरकर्त्याने पाथ संदेशातच दिलेला असतानाही एजंट क्लिपबोर्ड चाळत बसतो.

सर्वाधिक वेळ गेला तो प्लॅटफॉर्मनिहाय फरक लिहिण्यात. विंडोजवर पाथांची यादी सीएफ-एचड्रॉप या प्रकारात मिळते, पण क्लिपबोर्ड एका वेळी एकाच प्रोग्रामला उघडता येतो. दुसऱ्याने तो धरून ठेवला असेल तर आपला प्रयत्न फसतो. थोडं थांबून पाच वेळा प्रयत्न करायचा, असं मी ठरवलं आणि तसं लिहिलं. मॅकवर पीबीपेस्ट ही कमांड मजकुराच्या कामाची आहे. फाईलचा पाथ हवा तर एनएसपेस्टबोर्ड या मॅकच्या क्लिपबोर्ड-इंटरफेसमधून फाईल-यूआरएल वाचावी लागते.

लिनक्सवर यादी टेक्स्ट/यूआरआय-लिस्ट या प्रकारात येते आणि खरी गंमत तिथे आहे. 'अहवाल' या नावात पाच कोडपॉइंट (युनिकोडमधली चिन्हं: अ, ह, व, काना, ल) आहेत. यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत प्रत्येकाचे ३ बाइट, म्हणजे १५. यूआरआयमध्ये, म्हणजे वेबपत्त्याच्या धर्तीवर लिहिलेल्या पत्त्यात, यातला प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन आकडे किंवा अक्षरं असा लिहिला जातो, म्हणजे एकूण ४५ चिन्हं. टूलने ती उलगडून दिली नाहीत तर एजंट ४५ चिन्हांच्या नावाची फाईल शोधतो. शिवाय ठरलेल्या नियमानुसार या यादीतली प्रत्येक ओळ सीआर आणि एलएफ अशा दोन अदृश्य चिन्हांनी संपते. फक्त एलएफवर ओळी तोडल्या तर पाथच्या शेपटीला सीआर चिकटून राहतो. लॉगमध्ये पाथ अगदी बरोबर दिसतो, फाईल मात्र सापडत नाही. हॅशने (#) सुरू होणाऱ्या ओळी टिप्पण्या असतात, त्या सोडायच्या.

स्क्रीनशॉट थेट क्लिपबोर्डवर घेतला असेल तर पाथच नसतो, नुसतं चित्र असतं. मग टूल तात्पुरती पीएनजी फाईल करतं. ती कुठे ठेवली जाते आणि कोण पुसतं हे लिहायलाच हवं. चित्र उत्तरातच बेस६४ करून (म्हणजे अक्षरांच्या रूपात बदलून) पाठवलं तर ३ एमबीचे ४ एमबी होतात, म्हणून मी पाथ परत करणं पसंत केलं.

एरर मेसेज हेही डॉक्युमेंटेशनच आहे, माझ्या मते सर्वात महत्त्वाचं. 'क्लिपबोर्ड वाचता आला नाही' या वाक्याने एजंटला काहीच कळत नाही. तीन प्रसंग वेगळे केले: क्लिपबोर्ड रिकामा, मजकूर आहे पण फाईल नाही, पाथ आहे पण त्या जागी फाईल नाही. दुसऱ्या प्रसंगाचा मेसेज असा: 'क्लिपबोर्डवर मजकूर आहे, फाईल नाही. वापरकर्त्याला फाईल कॉपी करायला सांगा. तोवर पुन्हा वाचू नका.' शेवटची सूचना नसेल तर एजंट तोच कॉल करत राहतो.

टूल एसएसएच या रिमोट जोडणीवरून दूरच्या मशीनवर किंवा कंटेनरमध्ये (वेगळ्या ठेवलेल्या बंदिस्त वातावरणात) चालत असेल तर वापरकर्त्याचा क्लिपबोर्ड तिथे पोचत नाही. हे रीडमीत ठळक लिहा.

सुरक्षेबाबत मोघम लिहू नये. क्लिपबोर्डवर पासवर्ड असू शकतो. काही पासवर्ड मॅनेजर अशा नोंदीवर खूण करतात, ती दिसली की टूलने मजकूर द्यायचाच नाही. फाईलमधला मजकूर ही माहिती आहे, आज्ञा नव्हे, हे वर्णनात लिहिलं. 'फक्त वाचतं' ही खूण प्रोटोकॉलमध्ये निव्वळ सूचना असते, तिच्याने अडवणूक होत नाही. म्हणून परवानगीच्या फोल्डरची तपासणी कोडमध्ये हवी, तीही सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी फाईल) उलगडल्यानंतर.

शेवटी नव्या सत्रात मॉडेलला फक्त वर्णन देऊन पाच प्रसंग तपासले: नावात जागा, देवनागरी नाव, कॉपीनंतर पुसलेली फाईल, स्क्रीनशॉट आणि अख्खं फोल्डर. फोल्डरपाशी वर्णन अपुरं पडलं. त्यात 'फाईलचे पाथ' एवढंच होतं; आता 'फाईल किंवा फोल्डरचे पाथ, फोल्डरच्या आतली यादी नाही' असं आहे.