ॲप म्हणतं हीटिंग बंद, मग बॉयलर कोण पेटवतंय?

थर्मोस्टॅटवर हीटिंग बंद, फोनवरच्या ॲपमध्ये पण बंद, घरात सगळे झोपलेले, आणि किचनमधला बॉयलर मात्र मध्येच पेटतो, थोडा वेळ चालतो, बंद होतो आणि परत थोड्या वेळाने तेच. यूकेत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींकडून हे ऐकलंय, आणि स्मार्ट थर्मोस्टॅट नवीन बसवलेला असला की सगळं खापर त्याच्यावरच फुटतं. आमच्याकडे गेल्या हिवाळ्यात हेच झालं आणि कारण भलतीकडेच निघालं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ॲप तुम्हाला एवढंच सांगतं की थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की नाही. बॉयलर खरोखर पेटला की नाही हे बहुतेक साध्या सेटअपमध्ये ॲपला कळतच नाही. थर्मोस्टॅट रिसीव्हरला (बॉयलरच्या वायरिंगला जोडलेल्या छोट्या पेटीला) सांगतो, रिसीव्हरमधला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, टक् करून चालू होतो आणि पुढे २३० व्होल्ट सोडतो, तिथून पुढे काय होतं ते त्याला दिसत नाही. म्हणजे शोधायचं असतं की मागणी नक्की कुठे तयार होतेय, थर्मोस्टॅटच्या आधी की नंतर.

काही कारणं अगदी निरुपद्रवी असतात, ती आधी बघून घ्या. पहाटे बॉयलर लवकर पेटत असेल तर ते बहुतेक त्या थर्मोस्टॅटचं शिकलेलं वागणं असतं, तुम्ही सात वाजता २० अंश मागितलेत तर तो हिशोब करून आधीच सुरू करतो, सेटिंगमध्ये हे बंद करता येतं. कोणाच्या तरी फोनच्या लोकेशनवरून घर 'घरी आहेत' मोडमध्ये गेलंय का तेही बघा. प्रत्येक खोलीत स्मार्ट रेडिएटर व्हॉल्व्ह असतील तर एका खोलीची खिडकी उघडी राहिली तरी तेवढी खोली अख्ख्या बॉयलरला उठवू शकते. आणि कॉम्बी बॉयलर (वेगळी टाकी नसलेला, नळ उघडला की पाणी तापवणारा) असेल तर सगळ्यात आधी त्याचा प्रीहीट किंवा कम्फर्ट मोड बघा, नळाला पटकन गरम पाणी यावं म्हणून तो आतलं थोडं पाणी तापवून ठेवतो आणि त्यासाठी दिवसरात्र मधूनमधून पेटतो, थर्मोस्टॅटचा तिथे काही संबंधच नसतो. इको मोडवर टाकलं की थांबतो. कडाक्याच्या थंडीत बॉयलरचं स्वतःचं फ्रॉस्ट प्रोटेक्शनही असतं, आतलं पाणी साधारण ५ अंशांच्या आसपास उतरलं की तो आपणहून चालू होतो, ते चांगलंच आहे, त्याला हात लावू नका.

आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. आमचं घर जुन्या पद्धतीचं, कॉम्बी नाही, वरच्या मजल्यावर एअरिंग कपबोर्डमध्ये (कपडे ऊबदार ठेवायच्या कपाटात) गरम पाण्याचा सिलिंडर, म्हणजे टाकी, आणि त्याच्याजवळ पाइपवर दोन मोटरवाले व्हॉल्व्ह, एक हीटिंगचा आणि एक गरम पाण्याचा. याला इथले इंजिनिअर एस-प्लॅन म्हणतात. स्मार्ट मीटरच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या आकड्यांमध्ये रात्रभर गॅस जळताना दिसत होता, पण खरा धागा मिळाला सासूबाईंकडून. त्या पुण्याहून आलेल्या, त्यांची खोली त्या कपबोर्डला लागून. सकाळी म्हणाल्या, "अगं, रात्रभर त्या कपाटात काहीतरी घूं-घूं करतंय, आणि रेडिएटर बघावा तर गारच!"

बॉयलर पेटतोय, पंप फिरतोय आणि रेडिएटर गार. म्हणजे गरम पाणी पुढे जातच नव्हतं. मी रिसीव्हरवर हीटिंग आणि हॉट वॉटर दोन्ही हाताने बंद केलं, त्याच्यावरचे दिवे विझले, टक् आवाजही आला, तरी खाली बॉयलर चालूच. इथे थर्मोस्टॅट निर्दोष सुटला.

आता त्या व्हॉल्व्हच्या पोटात काय असतं ते सांगते. थर्मोस्टॅटकडून वीज आली की मोटर फिरते, व्हॉल्व्ह उघडतो आणि पूर्ण उघडला की आतला एक छोटा मायक्रोस्विच दाबला जातो. बॉयलर आणि पंपाला निरोप हा मायक्रोस्विच देतो, थर्मोस्टॅट थेट देत नाही. करड्या वायरमधून कायम वीज येते आणि स्विच दाबला की ती नारिंगी वायरने पुढे जाते. फ्रिजचं दार उघडलं की दिवा लागतो तसंच. वीज गेली की स्प्रिंग व्हॉल्व्ह परत बंद करते आणि स्विच सुटतो. सुटायला पाहिजे. आमच्या गरम पाण्याच्या व्हॉल्व्हचा स्विच चिकटला होता. रात्री पाण्याची वेळ संपली की व्हॉल्व्ह बंद व्हायचा पण नारिंगी वायर जिवंतच राहायची, मग बॉयलरच्या पाण्याला जायला वाट फक्त बायपासची, म्हणजे पाणी तसंच बॉयलरकडे परत नेणाऱ्या छोट्या पाइपची, पाणी लगेच तापायचं, बॉयलर थांबायचा, निवला की परत पेटायचा.

इंजिनिअर आला, त्याने मीटरने नारिंगी वायर तपासली, मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने व्हॉल्व्हच्या डोक्यावर हलकेच ठोकलं आणि खालचा बॉयलर तिथल्या तिथे थांबला. मग फ्यूज स्परवरून (हीटिंगच्या भिंतीवरच्या फ्यूजवाल्या स्विचवरून) वीज बंद करून व्हॉल्व्हचं फक्त वरचं मोटरवालं हेड बदललं, आमचं सुटं होणारं होतं त्यामुळे सिस्टिममधलं पाणी काढावं लागलं नाही.

याच्या उलटा प्रकार जास्त धोक्याचा आहे. व्हॉल्व्हच उघडा अडकला तर सिलिंडर थर्मोस्टॅटने नाही म्हटलं तरी पाणी तापत राहतं आणि नळाला चटका बसेल इतकं गरम पाणी येऊ शकतं, घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर वाट बघू नका, हीटिंगचा स्पर बंद करून मगच फोन करा. वायरींना स्वतः हात लावू नका, आणि बॉयलरचं झाकण तर गॅस सेफ रजिस्टरवाल्या (गॅसच्या कामाच्या अधिकृत यादीत नाव असलेल्या) माणसानेच उघडायचं.

फोनवर "थर्मोस्टॅट बिघडलाय" असं सांगू नका, नाहीतर इंजिनिअर नवीन थर्मोस्टॅट घेऊन येईल. सांगा की रिसीव्हरवर दोन्ही बंद आहेत तरी बॉयलर चालतोय, आणि रेडिएटर व सिलिंडरकडे जाणारे पाइप गरम आहेत की गार तेही सांगा. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात राहत असाल तर खिशातून पैसे घालायच्या आधी घरमालकाला लेखी कळवा, बहुतेक भाडेकरारांत हीटिंग आणि गरम पाण्याची सोय चालू ठेवणं १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याच्या कलम ११ प्रमाणे त्याच्याकडेच येतं.