यम-नियम जमत नाहीत, मग नुसती आसनं कशाला?

सकाळचा वर्ग सुटला, मॅट गुंडाळून झाल्या की कुणीतरी हमखास मागे रेंगाळतं. "ताई, यम-नियम काही आमच्याच्यानं पाळले जात नाहीत. मग नुसती आसनं करून काय उपयोग?" विचारणारे बहुधा तेच असतात जे मनापासून करतात. तुम्ही विचारलंत म्हणून आज जरा निवांत सांगते.

शंका रास्त आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत, म्हणजे योगाच्या मूळ ग्रंथात, आसनाला जेमतेम 3 सूत्रं दिलीत आणि यम-नियमांना 16. अहिंसा, सत्य, अस्तेय म्हणजे चोरी न करणं, ब्रह्मचर्य, अपरिग्रह म्हणजे साठवून न ठेवणं, हे यम. शौच म्हणजे स्वच्छता, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान म्हणजे ईश्वरावर भार सोपवणं, हे नियम. त्यातून यमांना पतंजली 'सार्वभौम महाव्रत' म्हणतात. जात, देश, काळ, प्रसंग, कशाचीही सवलत नाही. व्यासभाष्यात, म्हणजे सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, यावर कोळ्याचा दाखला आहे. त्याची अहिंसा अशी, की मारीन ते फक्त मासे, बाकी कुणाला नाही. कुणी म्हणतो तीर्थक्षेत्री मारणार नाही, कुणी म्हणतो चतुर्दशीला नाही. आपल्याकडच्या 'श्रावणात खात नाही'ची आठवण होतेच. या सगळ्या पळवाटा बंद केल्यावर माणूस घाबरणारच.

पण यम, नियम, आसन, प्राणायाम ही योगाच्या आठ अंगांतली अंगं आहेत हो. बाळाचे आधी हात पुरे वाढले आणि मग पाय फुटले, असं कुठे होतं? आसन साधल्यावर प्राणायाम, हा क्रम सूत्रातच आहे. यम पक्के होईपर्यंत आसनाला बसू नका, असं मात्र कुठेच म्हटलेलं नाही.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते साधनपादातलं, म्हणजे योगसूत्रांच्या दुसऱ्या भागातलं, 33 वं सूत्र: वितर्कबाधने प्रतिपक्षभावनम्. हिंसेचे, खोटेपणाचे विचार छळायला लागले की त्यांच्या उलट बाजू मनात आणावी. म्हणजे ते विचार येणार, हे धरूनच चाललेत. पुढच्या सूत्रात त्यांची फोड आहे: कृत, कारित, अनुमोदित. आपण केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि नुसती मान डोलावलेलं. हा तिसरा शब्द मी वर्षानुवर्षं पाठ म्हटला होता. कळला यंदा.

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये वॉचमनकाकांचे आजारपणाचे 11 दिवस पगारातून कापायचं ठरलं. मला पटलं नव्हतं. पण चहा आला, सगळ्यांना घरी जायची घाई, वही पुढे सरकली तशी मी सही केली. दुसऱ्या दिवशी पहाटे बसले. पाठ ताठ, श्वास संथ, आणि मिटल्या डोळ्यांपुढे निळ्या शाईतली माझी सही. पैसे काही मी कापले नव्हते. अनुमोदन दिलं होतं.

अशा वेळी 'मी चांगली आहे' असं घोकून भागत नाही. दुःख आणि अज्ञान ही याची न संपणारी फळं आहेत, हे समोर आणायला सूत्र सांगतं. मी आणलं. काकांच्या घरचं कुणी औषधाची चिठ्ठी घेऊन मेडिकलमधून तसंच परत फिरतंय, एवढंच चित्र. नऊ वाजता सेक्रेटरींच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, "काल माझी सही चुकली."

आसनाचा उपयोग विचारलात ना? त्या पहाटे वीस मिनिटं हलले नाही, म्हणून ती सही दिसली. एरवी गॅसवर दूध ठेवलं असतं आणि दिवस पुढे गेला असता.

विषय पुन्हा निघाला. दोघांनी तोंडावर नाराजी दाखवली, तिघं बाजूने बोलले. 6 दिवसांचे पैसे काकांना मिळाले. 5 दिवसांचे राहिलेत. येत्या रविवारच्या मीटिंगला तो विषय मी पुन्हा लावायला सांगितलाय.