पॉट्सडामर प्लाट्झवरच्या दोघी

बर्लिनमधले पहिले तीन दिवस ताईने आणि मी सगळे पाहतात तेच पाहिलं. ब्रांडेनबुर्ग गेट, भिंतीचे उरलेसुरले तुकडे, आणि अखंड पाऊस. लिहायला बसलेय ते चौथ्या दिवसासाठी.

नॉय नॅशनलगॅलरी, म्हणजे इथलं कलासंग्रहालय, रस्त्यावरून नुसती काचेची पेटी वाटते, चित्रं बरीचशी खाली तळघरात. तिथे जर्मन चित्रकार एर्न्स्ट लुडविग किर्शनरचं ‘पॉट्सडामर प्लाट्झ’ आहे, १९१४ सालचं, दोन मीटर उंच. एवढं मोठं असेल असं पुस्तकातल्या छपाईवरून कधी वाटलंच नव्हतं. मध्यरात्रीचा चौक, हिरवट रस्ता, मागे स्टेशनची इमारत. पुढ्यात एक गोल वाहतूक-बेट, परातीसारखं तिरकं, आणि त्यावर दोन बायका. टोप्यांना पिसं, एकीच्या तोंडावर विधवेची काळी जाळी. दोघींच्या नजरा दोन दिशांना. मागे काळ्या कपड्यांतले पुरुष, पाय कंपाससारखे फाकलेले.

आम्ही बघत होतो तेवढ्यात एक गाईड आपला घोळका घेऊन आला. “या धंदेवाल्या,” एवढंच सांगितलं, चारदोन जण हसले, फोटो निघाले, घोळका पुढे. मला इतका राग आला! किर्शनरने त्या काळात रस्त्यावरच्या वेश्या रंगवल्या, हे खरंच आहे. पण तो १९११ मध्ये ड्रेस्डेनहून बर्लिनला आला, त्यानंतर त्याला एर्ना आणि गेर्डा शिलिंग भेटल्या. सख्ख्या बहिणी, रात्रीच्या क्लबांत नाचून पोट भरणाऱ्या. त्याच्या बर्लिनच्या चित्रांमधल्या बायकांची ही लांबट, टोकदार अंगकाठी त्या दोघींवरून आलेली आहे. हे सांगायला किती वेळ लागला असता?

ताई चित्रकलेतलं काही वाचत नाही. ती लहानपणी नऊ वर्षं भरतनाट्यम शिकली, एवढंच. ती बराच वेळ खाली बघत होती. मग म्हणाली, “पाय बघ गं. चवड्यांवर उभ्या आहेत. नाचून दमलेलं माणूस टाच टेकवतं आधी. यांना टेकवायलाच दिलेली नाही.”

मी ते चित्र पंधरा वर्षं ओळखते. पाय मी पाहिलेच नव्हते.

एर्ना पुढे शेवटपर्यंत किर्शनरसोबत राहिली. १९१५ मध्ये सैन्यात गेल्यावर तो मनाने कोसळला, मग स्वित्झर्लंडमध्ये दावोसला. १९३७ मध्ये नाझींनी जर्मन संग्रहालयांतून त्याच्या ६३९ कलाकृती काढून टाकल्या, आणि पुढच्या वर्षी त्याने स्वतःला संपवलं. लग्न झालेलं नसताना एर्ना तिथेच ‘फ्राउ किर्शनर’, म्हणजे श्रीमती किर्शनर, म्हणून राहिली, १९४५ मध्ये गेली. तिच्याविषयी मराठीत कुणी दोन ओळी तरी लिहाव्यात असं मला फार वाटतं, म्हणून हा खटाटोप.

रात्री आम्ही मुद्दाम खऱ्या पॉट्सडामर प्लाट्झवर गेलो. संग्रहालयापासून चालत जेमतेम दहा-बारा मिनिटं. चित्रातलं स्टेशन आता नाही, सगळीकडे काचेचे मनोरे. गार वारा, ऑफिसातून सुटलेली माणसं खाली मान घालून भराभरा चाललेली. रस्ता ओलांडताना मध्येच सिग्नल लाल झाला आणि आम्ही दुभाजकावर अडकलो. ताईने माझा हात धरला. सिग्नल हिरवा झाला तरी ती हलेना.

“थांब जरा,” म्हणाली. तिने बूट काढले आणि दोन्ही टाचा त्या थंड फरशीवर टेकवल्या.