नंदगडचा वड आणि कट्ट्याखाली गेलेली लढाई

बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर मागे टाकून नंदगडला पोहोचलो, तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. आधी संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीवर गेलो. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा हा शिलेदार. २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रजांनी त्याला इथंच फाशी दिली. समाधीपाशी वड आहे, तो त्याच्या सोबत्यानं लावला असं सांगतात. मूलबाळ नसलेली जोडपी नवस बोलतात आणि इथं लहान लाकडी पाळणे बांधतात. ज्याला ऐन उमेदीत फासावर चढवलं, त्याच्याकडेच लोक लेकरू मागतात. कन्नड घरातले येतात, तसे मराठी घरातलेही.

तिथून हलशीची वाट धरली. कदंब राजांची राजधानी पलाशिका ती हीच. भूवराह नरसिंहाचं देऊळ बघावंच, पण या फेरीत आमचं लक्ष होतं वीरगळांकडे, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांकडे. या पट्ट्यात देवळाच्या आवारात, वेशीजवळ, तळ्याच्या काठाला असे दगड उभे दिसतात. मुळात शब्दच कन्नडातून आलेला. कल्लु म्हणजे दगड. वीरगल्लुचा आपल्याकडे वीरगळ झाला.

वीरगळ खालून वर वाचायचा. बहुतेकांवर तीन किंवा चार कप्पे असतात. तळाच्या कप्प्यात लढाई. तिथं गाई कोरलेल्या असतील, तर गावची गुरं पळवणाऱ्यांशी लढताना वीर पडला, असं समजायचं. त्याच्या वरच्या कप्प्यात अप्सरा वीराला स्वर्गात नेताना दिसतात. सर्वांत वर तो हात जोडून शिवलिंगापुढे बसलेला असतो. माथ्याला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची आठवण राहावी. शेजारच्या दगडावर कोपरात काटकोनात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असला तर ती सतीशिळा. बेळगाव भागात जैनांच्या निसिधीही आहेत. व्रतस्थ राहून सल्लेखनेनं, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून, देह ठेवलेल्यांच्या त्या शिळा. तिथं लढाई शोधू नये.

वाटेत एका देवळाच्या आवारातल्या शिळेपुढे थांबलो. दिवा लावलेला, झेंडू ताजा, अंगावर तेल-शेंदराचं जाड पूट. कप्पे मोजले तर दोनच, आणि खालच्यात अप्सरा! म्हणजे लढाईचा कप्पा नव्या कट्ट्याच्या सिमेंटमध्ये गाडला गेलेला. फार वाईट वाटतं ते याचंच. माणूस कशासाठी मेला हे सांगणारा भाग नेमका तळाशी असतो, आणि भराव घातला की आधी जातो तोच. श्रद्धेत काही कमी नसतं. रोज फूल वाहणाऱ्यांच्याच हातून हे होतं.

बघायला जायचं तर सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर. भर दुपारी ऊन डोक्यावर आलं की कोरीव काम सपाट दिसतं. सावलीतल्या शिळेवर विजेरी बाजूनं, दगडाला जवळजवळ टेकवून धरावी. तलवारीची मूठ, घोड्याचा लगामसुद्धा उठून दिसतो. धूळ मऊ, कोरड्या ब्रशनं झटकावी. तारेचा ब्रश, खडू, पीठ, तेल यांतलं काहीही लावू नये. दगडफूल खरवडलं तर त्याच्याबरोबर दगडाचा पापुद्राही निघतो. ऑइलपेंटचं तेच: आत ओल कोंडते आणि रंग सुटताना नक्षी घेऊन सुटतो. पट्टी शेजारी ठेवून फोटो काढावा. उंची, रुंदी, तोंड कुठल्या दिशेला आहे हे टिपावं. शिळेला हात लावण्याआधी गुरवाला किंवा पूजा करणाऱ्या घराला विचारावं. त्यांच्यासाठी तो देव आहे.

गावात जीर्णोद्धार निघाला असेल तर कमिटीच्या कानावर एवढं जरूर घाला: कट्टा शिळेला भिडवू नका. चारी बाजूंनी हातभर जागा मोकळी सोडा, पाणी बाहेर जाईल असा उतार द्या, आणि भराव टाकण्याआधी तळाचा कप्पा दिसतोय ना, हे वाकून बघा.