आमची वाटचाल : तुटलेल्या माळेपासून

सासूबाईंची कमळगट्ट्याची जपमाळ एका संध्याकाळी तुटली आणि मणी देवघरभर घरंगळले. त्यांनी नवी माळ आणली. जुने मणी केरात टाकायला हात धजेना, म्हणून मी ते वाटीभर पाण्यात टाकले. कमळाचंच बी ते, रुजेल की! चौथ्या दिवशी असा वास सुटला की ह्यांनी वाटी परसात नेऊन ओतली. माळ ओवताना बीला आरपार भोक पाडतात आणि ते नेमकं आतल्या हिरव्या कोंबातून जातं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तर साताऱ्यातल्या आमच्या छोट्या कमळवाडीची सुरुवात ही अशी, नासक्या पाण्याने.

मग काष्ठौषधींच्या दुकानातून अखंड कमळगट्टे आणले. दुकानदार म्हणाला, "वहिनी, कधीचे पडून आहेत, उगवायचे नाहीत." त्याला काय सांगणार! जपानमध्ये चिबा इथे इचिरो ओगा या वनस्पतिशास्त्रज्ञांना १९५१ साली जमिनीखालच्या थरात कमळाच्या बिया मिळाल्या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जाणाऱ्या त्या बियांपैकी एक रुजली आणि १९५२ मध्ये तिला फूलही आलं. या बीचं कवच इतकं घट्ट असतं की पाणी आत शिरतच नाही. तेच तिचं चिलखत, आणि घरी लावणाऱ्याची अडचणही तीच.

उपाय साधा आहे, पण हात स्थिर हवा. बीच्या एका टोकाला बारीकसं बोंड असतं, दुसऱ्या टोकाला खळगी. कानस चालवायची ती खळगीच्या बाजूला, काळं कवच जाऊन आतला पिवळसर पांढरा रंग दिसेपर्यंत. तिथेच थांबायचं. मी पहिल्या खेपेला उत्साहात निम्मं बी घासून टाकलं होतं. घासलेल्या बिया कोमट पाण्यात, उबदार उजेडाच्या जागी ठेवायच्या आणि पाणी रोज बदलायचं. दुसऱ्या दिवशी त्या फुगून जवळजवळ दुप्पट होतात. जी तरंगतच राहते ती बहुधा फुकट. चार-पाच दिवसांत हिरवा कोंब बाहेर येतो, मग पाण्यावर नाण्याएवढी पानं पसरतात. मुळं फुटली की रोप मातीत.

आणि माती म्हणजे आमच्या कृष्णाकाठची काळी, चिकट माती. कुंडीवाले जिला शिव्या घालतात तीच कमळाला हवी. कोकोपीट घातलंत तर सगळं तरंगून वर येईल. कच्चं शेणखत घातलंत तर पाणी काळं पडेल आणि कोवळं रोप करपेल. खत द्यायचं ते पाण्याच्या वर उभी पानं आल्यावरच. टब भोक नसलेला, तोही गोल. चौकोनी टबात धावतं मूळ कोपऱ्यात जाऊन अडकतं आणि त्याचं टोक कुजतं. आमचे पहिले बारा टब चौकोनी होते, स्वस्तात मिळाले म्हणून. अजून पाणी साठवायला वापरतो.

पहिलं फूल दुसऱ्या वर्षी आलं. गुलाबी, साधं. सकाळी उमललं, दुपारी मिटलं, चौथ्या दिवशी पाकळ्या गळल्या. सासूबाईंनी ते देवाला तोडू दिलं नाही, हे माझ्यासाठी नवल होतं.

धंदा म्हणावा असं काही २०२०च्या टाळेबंदीपर्यंत नव्हतं. मग घरी बसलेल्या लोकांना गच्च्या आठवल्या. आम्ही पाच बियांचं पाकीट करायला लागलो, सोबत पॉलिश पेपरचा तुकडा. पाकिटावर काय छापायचं यावरून घरात आठवडाभर वाद झाला. ह्यांचं म्हणणं, छान गुलाबी फोटो टाकू. माझं म्हणणं, बीपासून आलेलं कमळ आईसारखं निघेलच असं नाही, हे ठळक लिहायचं. शेवटी लिहिलं : 'फुलाचा रंग व पाकळ्या आधी सांगता येत नाहीत. फूल यायला वर्षही लागू शकतं.' त्यामुळे गिऱ्हाईक गेलं का? गेलं. लोकांना निळ्या कमळाचं बी हवं असतं. निळं कमळ नसतंच हो! निळी असते ती पाणलिली. तिचं पान एका बाजूने चिरलेलं, पाण्यालगत पसरलेलं. सहस्रदल कमळाचं बी मागणारे तर दर आठवड्याला भेटतात. त्या फुलात केसर आणि मधला गड्डा यांच्याही पाकळ्याच होतात. बी धरायला जागाच उरत नाही, ते कंदावरच वाढवावं लागतं. त्याचं बी जो विकतो तो फसवतो. कासहून येणारे कुमुदिनी मागतात, तीही कमळ नव्हे.

खरं उत्पन्न कंदांचं. थंडीत पानं पिवळी पडतात आणि डिसेंबरात फोन सुरू होतात, "ताई, कमळ मेलं!" मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. फेब्रुवारीत आम्ही टब पालथे करून कंद काढतो. पुढचं कोवळं टोक मोडलं की कंदाचा जोर गेला. एका वर्षी कुरियरच्या हाताळणीत निम्म्या कंदांची टोकं मोडली आणि आम्ही सगळ्यांना पैसे परत केले. तेव्हापासून कंद ओल्या शेवाळात गुंडाळून, कडक पुठ्ठ्याच्या नळीत जातो.

डासांचं विचारतात. प्रत्येक टबात गप्पी मासे सोडा, अळ्या राहत नाहीत. पानांवर मावा आला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. औषध फवाराल तर मासे जातील.

यंदा दोन वेगळ्या कमळांचा परागसंकर मी पहिल्यांदाच हाताने केला. फूल उमललं त्याच सकाळी, कारण मधल्या गड्ड्यावरची टोकं तेव्हाच ओलसर असतात. त्या बियांची सतरा रोपं आहेत, नावाऐवजी टबावर आकडे. सात नंबरला परवा कळी दिसली. सासूबाई म्हणतात पांढरी, ह्यांनी गुलाबीवर पैज लावली आहे. बघायला यायचं असेल तर सकाळी नऊच्या आत या. उशिरा आलात तर पाकळ्या मिटलेल्या असतील, चहा मात्र मिळेल.