तुम्ही विचारलंत म्हणून: फिरतीसाठी छोटा अ‍ॅम्प कोणता?

"मॅडम, तुम्ही सतत फिरतीवर असता, गिटारही बरोबर असते, मग छोटा अ‍ॅम्प कोणता घेऊ?" हा प्रश्न मला ऑफिसात विचारतात, सोसायटीत विचारतात, भाच्याचे मित्र तर फोन करून विचारतात. (अ‍ॅम्प म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मोठा करून ऐकवणारा डबा.) विचारणाऱ्याचे तोवर भरपूर व्हिडिओ बघून झालेले असतात, दोन-तीन मॉडेलं मनात भरलेली असतात, आणि माझ्याकडून फक्त एका नावावर शिक्का हवा असतो. नाव मी सांगते, पण त्याआधी उलटा प्रश्न टाकते: वाजवणार कुठे?

"घरी, आणि जाईन तिथे," हे ठरलेलं उत्तर. त्याने काही ठरत नाही. डोंबिवलीतल्या वन बीएचकेमध्ये रात्री, की गावच्या ओसरीवर दुपारी? लॉजच्या खोलीत एकट्याने, की अलिबागला चार मित्रांबरोबर? आवाज हवेत सोडायचाय की आपल्याच कानात ठेवायचाय, एवढं एकदा पक्कं झालं की अर्धी यादी आपोआप गळते. वॅट, इफेक्ट, अ‍ॅप, रंग हे सगळं त्यानंतरचं.

मी बँकेच्या इन्स्पेक्शन विभागात आहे. परभणी, हिंगोली, वाशीम अशा गावांतल्या शाखा तपासायच्या आणि मुक्काम लॉजवर. लॉजच्या दोन खोल्यांमध्ये बऱ्याचदा भिंत नसतेच, प्लायवूडचं पार्टिशन असतं. पलीकडच्याचा फोन व्हायब्रेट झाला तरी इकडे कळतं. शाखेतून सुटून, जेवून, गिटार हातात घ्यायला साडेनऊ वाजतात. अशा वेळी अ‍ॅम्प कितीही गोड वाजत असो, थोड्याच वेळात दारावर टकटक होते आणि काउंटरवरचा पोरगा संकोचून म्हणतो, "मॅडम, बाजूच्या रूममधले काका झोपलेत." ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. म्हणजे दबक्या आवाजातलं बोलणं. तीन वॅटचा अ‍ॅम्पही ती सहज ओलांडतो. काका नियमाचं नाव काढत नाहीत, पण नियम त्यांच्याच बाजूचा आहे.

त्यामुळे खरोखर फिरतीवर असणाऱ्यांना मी आधी स्पीकर नसलेला, आवाज फक्त कानात देणारा हेडफोनचा अ‍ॅम्प सुचवते. "एवढासा?" असं म्हणून लोक हिरमुसतात. पण ही काही आजची खेळणी नाहीत. बॉस्टन या अमेरिकन बँडचा गिटारिस्ट टॉम शोल्झ हा एमआयटीत शिकलेला इंजिनिअर. त्याने १९८२ साली रॉकमन नावाचा, कमरेला अडकवायचा हेडफोन अ‍ॅम्प बाजारात आणला, आणि त्याचा आवाज लोकांनी पुढे थेट स्टुडिओत रेकॉर्डिंगला वापरला. आज त्या जागी व्हॉक्सचा अ‍ॅम्पप्लग आहे: दोन बारीक पेन्सिल सेलवर चालणारा, गिटारच्या जॅकमध्ये थेट खोचायचा डबा. क्लीन (स्वच्छ आवाजाचा), एसी३० (व्हॉक्सच्याच नावाजलेल्या मोठ्या अ‍ॅम्पच्या आवाजाचा), मेटल असे त्याचे वेगवेगळे नग मिळतात, आपल्या आवडीचा एक घ्यायचा. फेंडरचा मस्टँग मायक्रो २०२१चा. त्यात १२ अ‍ॅम्पचे आवाज आणि १२ इफेक्ट (आवाज घुमवणं, लांबवणं असले खेळ) आहेत, बॅटरी आतच आहे आणि चार्जिंग यूएसबी-सीवर होतं. एनयूएक्सचा मायटी प्लगही याच जातीचा.

घेताना आपली गिटार दुकानात घेऊन जा, नुसतं नाव सांगून मागवू नका. गिटारच्या जातीप्रमाणे जॅकची जागा बदलते: फेंडरच्या स्ट्रॅटचा जॅक समोरच्या बाजूला खोलगट बशीत तिरका बसवलेला असतो, गिब्सनच्या लेस पॉलचा कडेला असतो. डबा खोचल्यावर तो कुठल्या दिशेला उभा राहतो, मांडीवर गिटार घेतली की मांडीला टोचतो का, बटणांपर्यंत बोट जातं का, हे लावूनच कळतं. आणि वाजवून झालं की तो काढून ठेवायची सवय लावून घ्या. खोचलेल्या डब्यासकट गिटार पलंगावर टाकली की सगळा भार जॅकच्या नटवर येतो. तो सैल झाला की आतली वायर पिळवटते आणि आवाज खरखरायला लागतो.

इथेच पुढचा प्रश्न ठरलेला: "माझे ब्लूटूथ इअरबड्स आहेत, ते चालतील ना?" नाही चालणार. साध्या ब्लूटूथवर आवाज कानात पोचायला सहज १००-२०० मिलिसेकंद लागतात. हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे १५० मिलिसेकंदांत तो पन्नासेक मीटर जाईल. तार तुम्ही इथे छेडायची आणि अ‍ॅम्प मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ठेवायचा, असा तो प्रकार होतो. दोन मिनिटांत हात लय सोडतो. फोनवरचा साथीचा ट्रॅक ब्लूटूथने अ‍ॅम्पमध्ये घ्यायला मात्र हरकत नाही, कारण तिथे ट्रॅकच सगळा उशिरा येतो आणि आपण कानावर पडेल त्याच्याबरोबर वाजवतो. मस्टँग मायक्रोमध्येही तसंच आहे: ब्लूटूथ आत येण्यासाठी, हेडफोन वायरचेच. तेव्हा वायरचे बरे, कान झाकणारे हेडफोन घ्या. अ‍ॅम्पचे पैसे वाचवून तिथे घातले तरी चालेल.

आता स्पीकरवाले. ज्यांच्या घरी वाजवायची मोकळीक आहे किंवा ज्यांना चार माणसांत वाजवायचंय, त्यांनी स्पीकरचाच घ्यावा. दिवसभर हेडफोन लावून वाजवणाऱ्याचा हात एका मर्यादेनंतर खोटा पडतो असं माझं मत आहे. हेडफोनमध्ये प्रत्येक नोट मोठी ऐकू येते, त्यामुळे पिक हलकाच पडतो, आणि मग खऱ्या अ‍ॅम्पसमोर आवाज लागत नाही.

वॅटवर भांडू नका. दहापट वॅट झाले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. तीन आणि पाच वॅटमध्ये जीव टाकावा असा फरक नाही. फरक पडतो तो स्पीकरच्या आणि डब्याच्या आकाराने. गिटारची जाड तार, सहावी ई, ८२ हर्ट्झवर वाजते. तीन इंची स्पीकर तिथवर धडपणे उतरू शकत नाही. तो त्या सुराचे वरचे पदर वाजवतो आणि खालचा सूर आपला मेंदू भरून काढतो. त्यामुळे ऐकताना 'छान आहे' वाटतं, पण शेजारी पाच इंची लावून ऐकलं की कळतं, पाया कुठे होता. पिगनोज नावाचा डबा १९७३पासून आहे: पाच वॅट, पाच इंची स्पीकर, सहा पेन्सिल सेल, आणि डुकराच्या नाकासारखं दिसणारं एकच बटण. डबा बिजागरीवर उघडतो, कमीजास्त उघडला की आवाजाची जात बदलते. बस्स. पन्नास वर्षांत त्याला फारसं काही जोडावं लागलेलं नाही, यातच काय ते आलं.

रोलँडचा मायक्रो क्यूब जीएक्स तीन वॅटचाच आहे, पण स्पीकर पाच इंची, अंगात ट्यूनर, सहा पेन्सिल सेलवर तासन् तास चालतो. वजन मात्र पावणेतीन किलोच्या घरात. खांद्याला गिटार आणि हातात हा, असं एसटीत चढून बघा म्हणजे पावणेतीन किलो म्हणजे काय ते कळेल. बॉसचा कटाना मिनी सात वॅट, चार इंची, वजनाने त्याच्या निम्म्याहूनही कमी. गेन (आवाज फाटका, खरखरीत करणारं बटण) वाढवून वाजवणाऱ्यांना तो जास्त भावतो. ब्लॅकस्टारचा फ्लाय ३ आणखी लहान. आणि पॉझिटिव्ह ग्रिडचा स्पार्क गो तर साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, पर्सच्या कप्प्यात जाणारा. आकाराच्या मानाने तो थक्क करतो हे खरं, पण त्याची खरी मजा फोनवरच्या अ‍ॅपमध्ये आहे. एक गोष्ट मला खटकते: रियाज करायचा म्हणून फोन हातात घ्यायचा आणि मग वीस मिनिटं आवाजच शोधत बसायचं. वर सात-आठ वर्षांनी तो अ‍ॅप नव्या फोनवर चालेल याची हमी कोण देणार? बटणं असलेला अ‍ॅम्प तेव्हाही चालेल.

दुकानात बघायचं कसं, तेही सांगते. सेल्समन पहिल्यांदा गेन पूर्ण वाढवून, डिले-रिव्हर्ब हे घुमवणारे इफेक्ट लावून एक फक्कड रिफ (गाण्यातला छोटा ठसकेबाज तुकडा) वाजवून दाखवतो. ऐकून घ्या, कौतुक करा आणि गिटार आपल्या हातात घ्या. सगळे इफेक्ट बंद. गेन खाली. व्हॉल्यूम जेमतेम, घरी रात्री ठेवाल तेवढाच. आता न वाजवता ऐका, 'शूऽऽ' असा आवाज किती आहे. मग सहावी तार मोकळी, एकदा हळू आणि एकदा जोरात. दोन्हींत फरक ऐकू आला पाहिजे, नाहीतर हा अ‍ॅम्प तुमचा हात दाबून टाकणार. मग एक मेजर कॉर्ड वाजवून हात उचलू नका, विरेपर्यंत थांबा. डिजिटल अ‍ॅम्पमध्ये 'शू' लपवायला आत एक झडप असते. ती नीट बसवलेली नसेल तर कॉर्ड शेवटी विरत नाही, कात्रीने कापल्यासारखी बंद होते. संथ वाजवणाऱ्याला हे रोज छळतं, आणि व्हिडिओत ते कधीच कळत नाही, कारण व्हिडिओत कोणी एवढं थांबतच नाही. आणि हे सगळं हळू आवाजातच बघायचं. हळू आवाजात कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ सालीच ते मोजून ठेवलंय. मोठ्या आवाजात भरदार वाटलेला डबा घरी आणल्यावर चिरका का वाटतो, याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

बॅटरीवरून माझा आणि भाच्याचा वाद चालूच असतो. तो म्हणतो, "मावशी, सेल कोण विकत घेतं आता? यूएसबी-सी घे." शहरात त्याचं बरोबर आहे. पण पेन्सिल सेल मला औंढ्याच्या टपरीवरही मिळतात, आणि आत बसवलेली लिथियम बॅटरी काही वर्षांनी दमली की अख्खा डबा अडून बसतो. रिचार्जेबल सेल घालणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की ते १.२ व्होल्टचे असतात. सहांचे मिळून नऊ नाही, ७.२ व्होल्ट होतात. काही अ‍ॅम्प त्यावर मुकाट चालतात, काही लवकर मान टाकतात. अडॅप्टरवर चालवणार असाल तर प्लस-मायनस तपासा: गिटारच्या सामानात मधली पिन बहुधा मायनस असते आणि घरात पडलेल्या बाकीच्या अडॅप्टरांची प्लस. विमानाने जाताना लिथियम बॅटरीवाला अ‍ॅम्प हातातल्या बॅगेत, बंद करून. पॉवर बँक तर चेक-इनमध्ये चालतच नाही. विमानात बॅटरीला असलेल्या १०० वॅट-तासांच्या मर्यादेची चिंता नको, या डब्यांची बॅटरी तिच्या पासंगालाही पुरत नाही.

विचारणाऱ्यांत बरेच जण अकूस्टिक गिटारवाले निघतात. त्यांना मी सरळ सांगते, फिरतीवर अ‍ॅम्प घेऊच नका, तुमचा अ‍ॅम्प लाकडाचा आहे आणि तो गळ्यातच आहे. पिकअप असलेली असली तरी इलेक्ट्रिकसाठी बनवलेल्या अ‍ॅम्पमधून ती पत्र्यासारखी वाजते. त्या स्पीकरांचा वरचा आवाज पाच-सहा हजार हर्ट्झच्या पुढे गळतो, अकूस्टिकची चमक त्याच्याही वर असते. बाहेर चार लोकांसमोर गायचं-वाजवायचं असेल तर रोलँडचा क्यूब स्ट्रीट बघा, त्यात माइकचीही सोय आहे.

आणि एक, जे व्हिडिओवाले सांगत नाहीत: ऑक्स इन (फोनची वायर खोचायचं भोक) आहे का ते बघा. फोनवर तानपुरा लावायचा, ऑक्समधून अ‍ॅम्पमध्ये घ्यायचा आणि षड्ज धरून नुसत्या सरगमचे पलटे घोटायचे. मेट्रोनोमवर, म्हणजे ठेक्याची टिकटिक देणाऱ्या यंत्रावर, तासभर स्केल रगडण्यापेक्षा यात कान जास्त तयार होतो. बेंड केलेली, म्हणजे खेचून सूर चढवलेली तार सुरात पोचली की नाही हे मेट्रोनोम सांगत नाही, तानपुरा लगेच सांगतो.

तर नावं. लॉज, होस्टेल, पातळ भिंतीचा फ्लॅट: अ‍ॅम्पप्लग किंवा मस्टँग मायक्रो, आणि वायरचा हेडफोन. घरी एकच अ‍ॅम्प ठेवायचा आणि कधीमधी गाडीने न्यायचा: मायक्रो क्यूब. पाठीवरच्या सॅकमध्ये, आणि आवाजही हवाच: कटाना मिनी. माझ्याकडे पहिला आणि तिसरा आहे, दोन्ही मिळून मायक्रो क्यूबच्या निम्म्या वजनाचे. अ‍ॅम्पबरोबर फुकट आलेली केबल मात्र वापरू नका. एका टोकाला काटकोनी जॅक असलेली तीन मीटरची वेगळी घ्या, आणि दुकानातच ती हलवून, वाकवून, खरखरते का ते बघून मग पैसे द्या.