तुम्ही विचारलंत म्हणून : सीआरपी वाढला म्हणजे गोचीड तापच का?

कुत्र्याच्या रक्ततपासणीचा कागद पुढे करत ‘‘डॉक्टर, सीआरपी एवढा वाढलाय, म्हणजे गोचीड तापच ना?’’ असे मला कोल्हापुरात नेहमी विचारले जाते. याचे उत्तर ‘नाही, तेवढ्यावरून तसे म्हणता येत नाही’ असे आहे, आणि तरीही ही तपासणी मला फार मोलाची वाटते.

सीआरपी, म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, हे प्रथिन १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात प्रथम आढळले. शरीरात कुठेही दाह (इन्फ्लमेशन) सुरू झाला की इंटरल्यूकिन-६ सारख्या रासायनिक संदेशांमुळे यकृत ते झपाट्याने तयार करू लागते. निरोगी कुत्र्यात त्याचे प्रमाण लिटरमागे साधारणपणे १० मिलिग्रॅमच्या आत असते. दाह सुरू झाल्यावर ते काही तासांत वाढू लागते आणि एक-दोन दिवसांत शंभरापलीकडेही जाऊ शकते. गोचिडीतून आलेला बबेसिया हा परजीवी लाल पेशींत शिरून त्या फोडू लागतो, हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद होते, प्लेटलेट घटतात, तेव्हा सीआरपी वाढतोच. पण गर्भाशयात पू झाला, स्वादुपिंड सुजले किंवा नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तरीही तो तितकाच वाढतो.

पावसाळ्यात आपण सगळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की पूर आला हे कळते, पण ते पाणी राधानगरी धरणाच्या दरवाजांतून आले की पावसाचे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. आणि एका आकड्यावरून पाणी चढते आहे की उतरते आहे, हेही समजत नाही. सीआरपीचे अगदी तसेच आहे.

रोगाचे नाव ठरवायला कानाच्या कडेच्या रक्ताचा स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला थेंब) सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो आणि गरज पडल्यास पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी, करावी लागते. आपण ज्याला सरसकट गोचीड ताप म्हणतो त्यात एर्लिकिया हा जिवाणूही येतो आणि बबेसिया हा एकपेशीय परजीवीही येतो. पहिल्याला डॉक्सिसायक्लिन चालते. बबेसियाच्या जातींपैकी बबेसिया व्होगेली इमिडोकार्ब या औषधाला दाद देतो, पण १९१० मध्ये मद्रासकडच्या शिकारी कुत्र्यांत प्रथम वर्णिलेला बबेसिया गिब्सोनी त्याने सहसा पूर्ण जात नाही. त्याला ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन ही जोडी द्यावी लागते. नाव न ठरवता औषध सुरू करणे मला म्हणूनच पटत नाही.

उपचार सुरू झाल्यावर मात्र सीआरपी खरा उपयोगी पडतो. दाह शमला तर तो काही दिवसांतच उतरतो. उतरला नाही, तर औषध लागू पडत नाही किंवा जोडीला दुसरे काही दडलेले आहे, असा संशय घ्यावा लागतो. त्यासाठी दोन्ही वेळची तपासणी एकाच प्रयोगशाळेत आणि कुत्र्यांसाठीच्या किटवर व्हावी, कारण माणसांच्या किटला कुत्र्याचे सीआरपी नीट ओळखता येईलच असे नाही.

काही अहवालांत हॅप्टोग्लोबिनही असते. तेही दाहात वाढणारेच प्रथिन आहे, पण लाल पेशी फुटून हिमोग्लोबिन मोकळे झाले की त्याला पकडण्यात ते खर्ची पडते. त्यामुळे बबेसियाच्या ऐन आजारात त्याचा आकडा ‘नॉर्मल’ दिसला, तर त्यावर निश्चिंत होऊ नये. उलट स्टिरॉइड दिले असेल तर कुत्र्यात ते आजार नसतानाही वाढलेले दिसते.

सीआरपी पूर्ववत झाला म्हणजे परजीवी गेला, असेही समजू नका. गिब्सोनी रक्तात थोडा उरून राहू शकतो, कुत्रा खातो-पितो, खेळतो आणि सीआरपीही शांत असतो. म्हणून उपचारानंतर ६० व ९० दिवसांनी पीसीआर करून घ्यावी, आणि ती दोन्ही वेळा निगेटिव्ह आली तरी अशा कुत्र्याचे रक्त दुसऱ्या कुत्र्याला चढवण्यासाठी देऊ नये.